मागच्या दोन जागा

कॅनडात घरी बांधलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये, बसणाऱ्याला दिसेल अशा जागी, एक इशारा लावणं सक्तीचं आहे. हे विमान उड्डाणयोग्यतेच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या निकषांत बसत नाही, एवढाच त्याचा मजकूर. ज्याने विमान स्वतः जुळवलं त्याला ही गोष्ट पाटी वाचून कळायची नसते. पाटी आहे ती शेजारी आणि मागे बसणाऱ्यांसाठी: बायको, मुलं, सासूबाई, वीकएंडला ‘चल, एक चक्कर मारून येऊ’ म्हणून नेलेला मित्र. हलकं विमान घ्यायचं ठरलं की किटचं बांधावं की कारखान्यात तयार झालेलं घ्यावं, हा वाद हमखास सुरू होतो आणि तो वेग, किंमत आणि बांधायला लागणारे तास या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहतो. विमान दोन जणांचं असेल तर ते एक वेळ चालेल. हौशी माणूस आपली हौस करतो, शेजारी बसणाराही बहुधा त्याच वेडातला असतो. चार जणांच्या विमानात मात्र हिशेब मागच्या दोन जागांपासून मांडायला हवा. तिथे बसणाऱ्यांनी रिव्हेट ठोकलेले नसतात, नकाशे वाचलेले नसतात, धोक्याचा अंदाज घेतलेला नसतो. त्यांचा विश्वास माणसावर असतो, यंत्रावर नव्हे. हा विश्वास कोणत्या विमानात जास्त सार्थ ठरतो, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर किटचा अभिमान बाळगणाऱ्यांना किंवा त्याची टवाळी करणाऱ्यांना वाटतं तितकं सरळ नाही.

आधी कॅनडाला त्याचं श्रेय द्यायला हवं. ऑन्टारिओतल्या गोडरिच इथे कीथ हॉपकिन्सन यांनी १९५५ मध्ये ‘स्टिट्स प्लेबॉय’ हे छोटं विमान बांधलं, सीएफ-आरएडी या नोंदणीने ते उडालं आणि कॅनडातल्या घरगुती विमानबांधणीला कायद्याचं दार उघडलं. ते विमान आज ओटावाच्या विमान संग्रहालयाच्या मालकीचं आहे. त्यानंतर तिथे जी व्यवस्था उभी राहिली ती माझ्या मते अमेरिकेपेक्षा एका बाबतीत सरस आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसानेच केलं पाहिजे, हा नियम दोन्हीकडे आहे. पण कॅनडात बांधायला घेण्याआधी तसं कळवावं लागतं, आणि पंख किंवा सांगाडा पत्र्याने बंद करण्यापूर्वी एमडी-आरए या संस्थेचा निरीक्षक येऊन आतलं काम पाहतो. सरकारने तपासणीचं हे काम या संस्थेकडे सोपवलेलं आहे. झाकलं गेलं की दिसत नाही, म्हणून झाकण्याआधी बघायचं. अमेरिकेत सक्तीची तपासणी एकदम शेवटी, विमान पूर्ण झाल्यावर होते. कॅनडात त्यानंतर पहिले २५ तास प्रवासी न घेता उडावं लागतं, मग मागच्या जागा मोकळ्या होतात. विमान भाड्याने देता येत नाही, त्यावर धंदा करता येत नाही. म्हणून ब्रॅम्प्टनच्या फ्लाइंग क्लबसारख्या ठिकाणी आपल्याकडची मुलं व्यावसायिक वैमानिक व्हायला जातात तेव्हा त्यांच्या हाती येतं ते सेस्ना १७२, कुणाच्या गॅरेजमधून निघालेलं विमान नव्हे.

आता बांधणं म्हणजे नेमकं काय, हे जरा जवळून पाहू. चार जणांच्या किटमध्ये आज सगळ्यांत नावाजलेलं आहे ते ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१०. ते २००३ मध्ये आलं. अ‍ॅल्युमिनियमचं, २६० अश्वशक्तीच्या लायकमिंग इंजिनाचं, आणि ताशी १७० नॉटच्या आसपास जाणारं. ते बांधायला साधारण २००० तास धरतात, आणि त्यातले कित्येक तास रिव्हेटमध्ये जातात. भोक पाडायचं, त्याच्या कडेची कूस घासून काढायची, पत्रे क्लेको नावाच्या तात्पुरत्या चिमट्यांनी घट्ट धरायचे, रिव्हेट घालायचा, एका बाजूने हवेची बंदूक लावायची आणि दुसऱ्या बाजूने पोलादी ठोकळा धरायचा. ठोकळ्याच्या बाजूला तयार होणारं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं आलं पाहिजे. ते तिरकं आलं, चेपलं गेलं किंवा पत्र्यात फट राहिली तर भोक खराब न करता रिव्हेट काढून पुन्हा मारायचा. अशी हजारो भोकं. पंखाच्या आत हात पोचत नाही तिथे दुसरं माणूस लागतं, म्हणून घरातलं कुणीतरी ठोकळा धरायला बसवलं जातं. कॅनडाच्या हिवाळ्यात हे सगळं करायचं तर गॅरेज गरम ठेवावं लागतं, नाहीतर टाकीचं सीलंट आणि इपॉक्सी नीट वाळत नाही. एवढं करून पैसे वाचतात का? नव्या सेस्ना १७२ ची किंमत आज चार लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेली आहे, त्यासमोर किट स्वस्त वाटतं. पण इंजिन, पंखा, उपकरणं, रंग आणि आतलं कापडचोपड धरलं की आरव्ही-१० देखील दोन लाखांच्या पार सहज जातं. आणि किटची खरी तुलना नव्या १७२ शी नाहीच. ती आहे चाळीस-पन्नास वर्षं वापरलेल्या १७२ किंवा पायपर चेरोकीशी, आणि ते विमान याच्या कितीतरी कमी पैशांत, आजच्या आज, उडत्या स्थितीत मिळतं. पैसे वाचवायला विमान बांधायला घेणं हा फसवा सौदा आहे. बांधण्यातच ज्याला सुख आहे त्याच्यासाठी मात्र हे २००० तास खर्चाच्या बाजूला लिहायचेच नसतात.

तर मग कारखान्याच्या विमानात आपण नेमकं काय विकत घेतो? अ‍ॅल्युमिनियम दोन्हीकडे सारखंच, इंजिनही बहुधा लायकमिंगचंच. फरक आहे तो एकसारखेपणाचा, आणि त्या एकसारखेपणातून साठत गेलेल्या अनुभवाचा. सेस्ना १७२ ची ४४,००० हून अधिक विमानं बनली. त्यांतल्या एकाला काय झालं ते बाकी सगळ्यांना लागू पडतं, कारण ती सगळी एका नमुन्याची आहेत. याचं अलीकडचं उदाहरण पायपरचं. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे प्रशिक्षणाच्या एका पायपर पीए-२८आर विमानाचा पंख हवेत तुटला आणि आतले दोघेही मरण पावले. तपासात पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टच्या भोकापाशी थकव्याने गेलेला तडा सापडला. पुढे अमेरिकेच्या विमान प्रशासनाने आदेश काढला की अमुक वापर झालेल्या पायपरांच्या त्या भोकांची विद्युतप्रवाहाने तपासणी करायची. असे आदेश कॅनडातल्या त्या जातीच्या विमानांनाही लागू होतात. फ्लोरिडात तुटलेला पंख आणि सस्कॅचेवनच्या कुठल्यातरी शेतातल्या हँगरमध्ये उभं असलेलं चेरोकी, यांच्यात असा धागा असतो. मागच्या जागेवर बसणाऱ्याला याची गंधवार्ता नसते, पण त्याच्या खाली असलेल्या पंखावर हजारो अनोळखी विमानांच्या चुकांचा शोध आधीच झालेला असतो. पन्नास वर्षांच्या विमानाला म्हातारं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्याचं वय म्हणजे त्याच्याविषयी झालेला अभ्यासही आहे.

किटवाल्यांचं यावर उत्तर असतं की आमच्याकडेही हे आहे. त्यात तथ्य आहे. व्हॅन्सच्या सगळ्या मॉडेलांची मिळून अकरा हजारांच्या आसपास विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत, आणि इतकी संख्या झाली की किटही एक प्रकारचा नमुना बनतो. २०२३ मध्ये उघड झालं की लेझरने कापलेल्या काही भागांत भोकांच्या कडांना तडे जात आहेत. कोणते भाग बदलायचे आणि कोणते चालतील याची माहिती कंपनीने बांधणाऱ्यांपर्यंत पोचवली. या आणि इतर खर्चांच्या ओझ्याने कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला, आधी दिलेल्या ऑर्डरींच्या किमती सरासरी ३२ टक्क्यांनी वाढवल्या आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. कॅनडाच्या बाजूने पाहिलं तर ऑन्टारिओतल्या मिडलंडच्या झेनेअर कंपनीचं उदाहरण आहे. कॉन्कॉर्डवर काम केलेले, पुढे डी हॅविलंड कॅनडात आलेले क्रिस हाइन्ट्झ यांनी १९७४ मध्ये ती कंपनी काढली. त्यांच्या आराखड्याच्या सीएच ६०१ एक्सएल या दोन जणांच्या विमानाचे पंख हवेत निकामी होण्याचे प्रकार घडले, तेव्हा २००९ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने ती विमानं जमिनीवर आणण्याची शिफारस केली आणि पुढे मजबुतीचे बदल आले. त्या जातीत कारखान्यात जुळवलेली विमानंही होती आणि घरी बांधलेलीही. म्हणजे अनुभवाची साठवण किटमध्ये अशक्य नाही. पण घरी बांधलेल्या विमानाच्या बाबतीत ती सूचना मानायची की नाही, हे बऱ्याच अंशी मालकावर सोडलेलं असतं. शिवाय ती सूचना लागू पडण्यासाठी आपलं विमान इतरांसारखं असावं लागतं. आणि बांधणाऱ्या माणसाला तर नेमकी आपलं विमान इतरांपेक्षा वेगळं करण्याची खुमखुमी असते.

ही खुमखुमी किती महाग पडते याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण गायक जॉन डेन्व्हरचं आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘लाँग-ईझी’ हे घरगुती बांधणीचं विमान कोसळून तो मेला. विमान त्याने बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या समोर, हाताशी होता. बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत म्हणून तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. हेतू सुरक्षिततेचाच होता. पण तो खटका फिरवायचा तर मागे वळावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जाण्याची शक्यता असे. टाकीत इंधन कमी होतं, खटक्याकडे हात नेताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. बांधणाऱ्याचं तर्कशास्त्र त्याच्यापुरतं बरोबर होतं. ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि प्राणघातक ठरलं. कारखान्याच्या विमानात खटका हलवायचा तर कुणाला तरी कागदोपत्री उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर देणं कटकटीचं आहे, वेळखाऊ आहे, आणि त्या कटकटीचेच आपण पैसे मोजत असतो.

आकडेही हेच सांगतात, फक्त ते नीट वाचले पाहिजेत. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१२ मध्ये घरगुती बांधणीच्या विमानांचा अभ्यास केला. सामान्य विमानवाहतुकीच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या एकूण अपघातांत सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत सुमारे २१ टक्के. इतपत ऐकून लोक समजतात की घरी ठोकलेला पंख गळून पडतो. अभ्यासात तसं दिसलं नाही. रचना तुटण्याचे प्रकार विरळ होते. मुख्य कारणं दोन: इंजिन आणि त्याच्याशी निगडित यंत्रणा बंद पडणं, आणि हवेत ताबा सुटणं. आणि २०११ च्या अपघातांतली निम्म्याहून अधिक विमानं चालवणाऱ्याने बांधलेली नव्हती, वापरलेली म्हणून विकत घेतलेली होती. म्हणजे रिव्हेटची काळजी करणारा माणूस चुकीच्या ठिकाणी बघतो. पाहायचं ते इंजिनाच्या जोडणीकडे, इंधनाच्या नळ्यांकडे, तारांकडे आणि आपल्या सरावाकडे. मोटारीचं इंजिन बसवून पैसे वाचवण्याचा मोह अशा वेळी मला निव्वळ अविचार वाटतो. एकट्याने उडायचं असेल तर ज्याची त्याची मर्जी.

आता जे आक्षेप खरोखर वजनदार आहेत त्यांकडे वळू. पहिला असा की चार जागांची जुनी विमानं नावालाच चार जागांची असतात. हे खरं आहे. १९७० च्या दशकातल्या १७२ चं कमाल वजन १०४३ किलो, रिकामं वजन सुमारे ६५०, टाकी पूर्ण भरली की १०९ किलो इंधन. उरतात सुमारे २८४ किलो. त्यात चार माणसं बसली की बॅगा घरी ठेवाव्या लागतात. आरव्ही-१० चं कमाल वजन १२२५, रिकामं ७४० च्या घरात, इंधन १६३, म्हणजे हाती सुमारे ३२२ किलो, आणि वेग जवळपास दीडपट. कॅनडाची अंतरं पाहता हा फरक मोठा आहे. यंत्र म्हणून आरव्ही-१० सरस आहे हे मी मान्य करतो. अर्थात बांधणाऱ्याने चामड्याच्या सीट, जाड रंग आणि उपकरणांच्या पडद्यांची रांग लावली की ३२२ चे २९० व्हायला वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे कारखाने थांबलेलेच आहेत. १९७८ मध्ये अमेरिकेत १७,८११ छोटी-मोठी खासगी विमानं बनली होती, १९९४ मध्ये अवघी ९२८. नुकसानभरपाईच्या दाव्यांना वैतागून सेस्नाने १९८६ मध्ये १७२ बंद केलं होतं. १९९४ च्या कायद्याने उत्पादकाची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित केली तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. या आक्षेपातली व्यथा मी समजू शकतो. नवी रचना, नवी उपकरणं, नवं इंधन या सगळ्यांचे प्रयोग गेली चाळीस वर्षं हौशी लोकांनी केले. सिरस ही आज पॅराशूटसह विमानं विकणारी कंपनी मुळात किट विकतच सुरू झाली होती. पण प्रयोगशाळा म्हणून किटची महती आणि कुटुंबाचं वाहन म्हणून किटची निवड, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि कॅनडात तो सर्वांत भक्कम आहे. तिथे घरगुती बांधणीच्या विमानाची देखभाल मालक स्वतः करू शकतो आणि सहीही स्वतः करू शकतो. तो मूळ बांधणारा नसला तरी. कारखान्याच्या विमानाला परवानाधारक मेकॅनिकची सही लागते, आणि मोटारीच्या दुकानात थोडक्यात मिळणारा भाग विमानाच्या शिक्क्यासह घ्यायचा तर खिसा रिकामा होतो. या तक्रारीवर कॅनडाने एक मधला मार्गही काढला आहे: साधं, चारपर्यंत जागांचं, खासगी वापराचं कारखान्याचं विमान ‘मालक-देखभाल’ वर्गात टाकता येतं. मग मालकच मेकॅनिक. पण त्या विमानाला अमेरिकेची हद्द बंद होते, तर घरी बांधलेलं विमान ठरावीक परवानगी बाळगून सीमेपलीकडे जाऊ शकतं. टोरंटोहून बफेलोला मावशीकडे जायचं म्हटलं तरी हा फरक कळतो. मूळ वर्गात परत यायचं तर जवळजवळ सगळं विमान नव्याने सिद्ध करावं लागतं, म्हणून विकतानाही किंमत पडते. स्वातंत्र्य मोलाचं आहेच. पण सहीचा अधिकार आणि सही करण्याची लायकी एकाच दिवशी मिळत नाही. ज्याने विमान बांधलं त्याच्याकडे ती लायकी घाम गाळून आलेली असते. दुसऱ्या मालकाला अधिकार मिळतो तो विक्रीच्या कागदासोबत.

स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आपल्याकडचं एक उदाहरण नेहमी असतं आणि ते असावंच. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते सर्वांनी पाहिलं, नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उडण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करावं तितकं थोडं. मात्र त्या प्रकरणातून मी वेगळा अर्थ काढतो. आपल्याकडे हौशी माणसाला अडवणारी व्यवस्था होती, त्याचं काम टप्प्याटप्प्याने बघणारी नव्हती. कॅनडात गच्चीऐवजी गॅरेज असतं आणि पत्रा बंद होण्याआधी निरीक्षक दारात उभा असतो. विमान तयार झाल्यावर तीन वर्षं परवानगीची वाट बघण्यापेक्षा बांधताना चार वेळा कुणीतरी हटकलेलं मागे बसणाऱ्याच्या जास्त हिताचं आहे.

म्हणून माझं मत असं. ज्याला चार जणांना घेऊन ऑन्टारिओतल्या जॉर्जियन बेला किंवा मुस्कोकाला उडत जायचं आहे आणि बाकी काही नको, त्याने नीट राखलेलं जुनं १७२ किंवा चेरोकी घ्यावं, परवानाधारक मेकॅनिककडे द्यावं आणि वेग कमी म्हणून कुरकुरू नये. ज्याला बांधायचंच आहे त्याने चार जागांसाठी जास्तीत जास्त लोकांनी बांधलेलं किट निवडावं, विमानाचं प्रमाणित इंजिन लावावं आणि आराखड्यातला खटकासुद्धा हलवू नये. कल्पकता रंगात दाखवावी. आणि दुसऱ्याने बांधलेलं चार जागांचं किट विकत घेणं ही या तीन वाटांतली सर्वांत अवघड वाट आहे, कारण बांधणाऱ्याची माहिती विक्रीत येत नाही आणि कारखान्याची साठवण तर तिथे नव्हतीच. तरीही घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी बांधणीची वही मागावी, पत्रा बंद होण्यापूर्वीच्या तपासणीचे कागद आणि तेव्हाचे फोटो मागावेत, आणि मूळ आराखडा हातात घेऊन इंधनाची नळी टाकीपासून इंजिनापर्यंत बोटाने माग काढत जावं. वही नसेल, किंवा विकणारा ‘मी जरा सुधारणा केल्यात’ असं कौतुकाने सांगू लागला, तर निदान मागच्या दोन जागांचा विचार करून परत फिरावं. पैशांची चणचण असेल आणि विमान फारच आवडलं असेल, तर आधी पहिल्या २५ तासांचा नियम आपण होऊन स्वतःला पुन्हा लावून घ्यावा. कायदा तो दुसऱ्या मालकाकडून मागत नाही.